ई-मेल एपीआय आणि ४०३: परवानगी दिलेली असूनही मेल का जात नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सर्व्हरवर रोज रात्री आपोआप चालणारा एक प्रोग्राम मायक्रोसॉफ्ट ग्राफच्या (मायक्रोसॉफ्टच्या मेलसारख्या सेवा प्रोग्रामला वापरू देणाऱ्या) वेब एपीआयमार्फत अहवालाचे ई-मेल पाठवतो. ॲपची नोंदणी झालेली आहे, तिच्यात 'मेल.सेंड' ही परवानगी जोडलेली आहे आणि क्लायंट सीक्रेट (ॲपचा पासवर्ड) वापरून टोकनही (रिक्वेस्टसोबत दाखवायचा तात्पुरता परवाना) व्यवस्थित मिळते. प्रत्यक्ष मेल पाठवण्याची रिक्वेस्ट केली की मात्र ४०३ हा कोड येतो आणि त्यासोबत 'ॲक्सेस इज डिनाइड. चेक क्रेडेन्शियल्स अँड ट्राय अगेन' हा संदेश. त्याच मेलबॉक्सचा मालक ग्राफ एक्सप्लोरर या चाचणीच्या वेबपानावर लॉगिन करून तोच मेल पाठवतो तेव्हा तो विनातक्रार जातो. सीक्रेट नवे करून पाहिले, फरक पडला नाही.

या वर्णनावरून सर्वांत जास्त शक्यता ही दिसते की जोडलेली परवानगी 'डेलिगेटेड' (लॉगिन केलेल्या माणसाच्या वतीने वापरायच्या) प्रकारची आहे आणि प्रोग्रामला 'ॲप्लिकेशन' (ॲपने स्वतःच्या नावे वापरायच्या) प्रकारची हवी आहे. ग्राफ एक्सप्लोररमध्ये माणूस लॉगिन करतो, म्हणून तिथे डेलिगेटेड परवानगी पुरते. रात्री चालणाऱ्या प्रोग्राममागे लॉगिन केलेला कोणीच नसतो, म्हणून तिथे तीच परवानगी असून नसल्यासारखी ठरते. तरीही एवढे सांगून थांबणे बरोबर नाही, कारण याच ४०३ मागे निदान चार वेगवेगळी कारणे असू शकतात आणि प्रत्येकाची दुरुस्ती वेगळ्या ठिकाणी, बहुधा वेगळ्या माणसाच्या हातात असते.

आधी संदेशाविषयी. 'चेक क्रेडेन्शियल्स' हे शब्द दिशाभूल करणारे आहेत आणि त्यांच्यामुळेच बहुतेक लोक सीक्रेट बदलण्यात वेळ घालवतात. एचटीटीपीच्या २०२२ मधील आरएफसी ९११० या मानकानुसार ४०१ चा अर्थ रिक्वेस्टसोबत वैध ओळख आली नाही असा होतो, तर ४०३ चा अर्थ सर्व्हरला रिक्वेस्ट समजली, पण ती पूर्ण करण्यास त्याने नकार दिला असा होतो. सीक्रेट चुकीचे किंवा मुदत संपलेले असते तर टोकनच मिळाले नसते. एपीआयपर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच आला नसता. टोकन मिळाले आणि नंतर ४०३ आला, याचा अर्थ सीक्रेटचे काम संपलेले आहे आणि त्याला पुन्हा हात लावण्याचे कारण नाही.

दुसरी सवय याहून घातक आहे. ४०३ आला की परवानग्यांच्या यादीतून 'मेल.रीडराइट', मग 'युजर.रीड.ऑल', मग 'डिरेक्टरी.रीडराइट.ऑल' अशी एकेक परवानगी जोडत जायची आणि शेवटी कशाने तरी मेल जाऊ लागला की सुटकेचा निःश्वास टाकायचा. नेमके कशामुळे काम झाले हे कोणालाच कळत नाही आणि अहवाल पाठवणाऱ्या एका किरकोळ प्रोग्रामच्या हाती संपूर्ण संस्थेची डिरेक्टरी बदलण्याचा अधिकार कायमचा राहून जातो. मेल पाठवण्यासाठी ग्राफमध्ये 'मेल.सेंड' पुरेशी आहे. ती असूनही मेल जात नसेल तर अडचण परवानगीच्या संख्येत नाही, हे गृहीत धरूनच पुढे जावे.

माझा आग्रह एवढाच असतो की पोर्टल (ॲपची नोंदणी जिथे होते ते संकेतस्थळ) पाहण्याआधी टोकन पाहा. पोर्टलच्या 'एपीआय परमिशन्स' पानावर ॲपने काय मागितले आहे ते दिसते. प्रत्यक्षात काय मिळाले आहे ते टोकनात लिहिलेले असते, आणि एपीआय निर्णय घेताना त्या पानाकडे पाहत नाही. संस्थेच्या खात्यांसाठी ग्राफचे ॲक्सेस टोकन हे जेडब्ल्यूटी स्वरूपाचे असते: टिंबांनी जोडलेले तीन भाग, त्यांतला मधला भाग बेस६४-यूआरएल पद्धतीने एन्कोड केलेला. तो डीकोड केला की साधी जेसन रचना (नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा मजकूर) मिळते. हे काम आपल्याच मशीनवर दोन-तीन ओळींच्या स्क्रिप्टने करावे. चालू टोकन कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नये, कारण मुदत संपेपर्यंत ते ज्याच्या हाती जाईल त्याला मेल पाठवता येतात. शिवाय हे वाचन फक्त निदानापुरते ठेवावे. ग्राफच्या टोकनाची अंतर्गत रचना गृहीत धरून प्रोग्रामचे निर्णय घेऊ नयेत, कारण ती रचना ग्राफसाठी आहे, आपल्यासाठी नाही.

डीकोड केलेल्या टोकनात पाच गोष्टी पाहायच्या. 'एयूडी' मध्ये ग्राफचा पत्ता किंवा शून्यांमध्ये एकच तीन असलेला त्याचा ठरलेला आयडी असला पाहिजे. तिथे दुसऱ्या कोणत्या एपीआयचे नाव असेल तर ग्राफ ते टोकन स्वीकारणारच नाही, मात्र अशा वेळी सहसा ४०१ आणि 'इनव्हॅलिड ऑडियन्स' असा संदेश येतो. 'टीआयडी' म्हणजे टेनंट (संस्थेचे मायक्रोसॉफ्टमधले स्वतंत्र क्षेत्र), आणि 'ॲपआयडी' म्हणजे ज्या नोंदणीच्या नावे टोकन निघाले ती. चाचणीसाठी एक आणि प्रत्यक्ष वापरासाठी दुसरी अशा दोन नोंदण्या असतात, परवानगी एकीला दिली जाते आणि कॉन्फिगरेशन फाइलमध्ये दुसरीचा आयडी राहतो. हा प्रकार वाटतो त्यापेक्षा बराच जास्त आढळतो, म्हणून हे आयडी नजरेने न तपासता कॉपी करून ताडून पाहावेत. 'ईएक्सपी' मध्ये मुदत सेकंदांत दिलेली असते. आणि पाचवी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे 'एससीपी' आणि 'रोल्स' यांपैकी टोकनात काय आहे.

इथेच घोडे पेंड खाते. 'एससीपी' असेल तर टोकन कोणा माणसाच्या वतीने निघालेले आहे आणि त्यात डेलिगेटेड परवानग्या आहेत. 'रोल्स' असेल तर टोकन ॲपच्या स्वतःच्या नावे निघालेले आहे आणि त्यात ॲप्लिकेशन परवानग्या आहेत. प्रश्नातल्या परिस्थितीत टोकन क्लायंट क्रेडेन्शियल्स पद्धतीने, म्हणजे कोणी लॉगिन न करता ॲपच्या सीक्रेटवर, घेतलेले आहे. त्यात 'एससीपी' नसणे स्वाभाविक आहे, पण 'रोल्स' ही नोंदच जर गायब असेल, तर निदान झाले. पोर्टलवर 'मेल.सेंड' दिसत असेल, तिच्यापुढे हिरवी खूणही असेल, पण प्रकाराच्या रकान्यात 'डेलिगेटेड' लिहिलेले असेल. नाव अगदी तेच, अधिकार निराळा.

दुरुस्ती सरळ आहे. त्याच पानावर 'ॲड अ परमिशन' मधून मायक्रोसॉफ्ट ग्राफ निवडावे, तिथे 'ॲप्लिकेशन परमिशन्स' हा भाग उघडावा आणि त्यातली 'मेल.सेंड' जोडावी. त्यानंतर ॲडमिन कन्सेंट (ॲडमिनची संमती) घेणे अपरिहार्य आहे, कारण ॲप्लिकेशन परवानगीला संमती देईल असा वापरकर्ता इथे कोणी नसतोच. ही संमती कोण देऊ शकते याबद्दल कार्यालयांत बराच गोंधळ असतो. 'ॲप्लिकेशन ॲडमिनिस्ट्रेटर' किंवा 'क्लाउड ॲप्लिकेशन ॲडमिनिस्ट्रेटर' ही भूमिका असलेली व्यक्ती इतर बहुतेक एपीआयसाठी संमती देऊ शकते, पण ग्राफच्या ॲप्लिकेशन परवानग्यांसाठी तिचा अधिकार चालत नाही. तिथे 'प्रिव्हिलेज्ड रोल ॲडमिनिस्ट्रेटर' किंवा 'ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर' लागतो. 'आमच्या ॲडमिनने बटण दाबले पण काही झाले नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. संमतीनंतर स्थितीच्या रकान्यात संस्थेच्या नावासह 'ग्रँटेड' असे दिसले पाहिजे.

टोकन मागताना स्कोप (मागितलेल्या परवानग्यांची व्याप्ती) म्हणून ग्राफचा पत्ता आणि त्यापुढे '/.डिफॉल्ट' एवढेच द्यावे. क्लायंट क्रेडेन्शियल्स पद्धतीत सुटी परवानगी नावाने मागता येत नाही, '.डिफॉल्ट' चा अर्थच असा की या ॲपला ज्या ज्या परवानग्यांची संमती मिळालेली आहे त्या सर्व टोकनात याव्यात. त्याचप्रमाणे टोकनाच्या पत्त्यात 'कॉमन' न वापरता स्वतःच्या टेनंटचा आयडी द्यावा. आणि रिक्वेस्ट '/मी/सेंडमेल' या पत्त्यावर पाठवू नये. ॲपच्या नावे निघालेल्या टोकनाला 'मी' म्हणजे कोण हे ठाऊकच नसते, त्यामुळे तिथे ४०० कोडसह '/मी' फक्त डेलिगेटेड पद्धतीत चालते असे उत्तर येते. पत्ता '/युजर्स/', मग मेलबॉक्सचा पत्ता किंवा आयडी, मग '/सेंडमेल' असा हवा. सारे जुळले की २०२ हा कोड आणि रिकामी बॉडी येते. २०२ म्हणजे मेल स्वीकारला गेला. तो पोहोचलाच असे त्यातून सिद्ध होत नाही.

सगळे बरोबर करूनही ४०३ चालूच राहिला तर पहिला संशय जुन्या टोकनावर घ्यावा. परवानगी टोकन निघतानाच त्यात कोरली जाते; आधी निघालेल्या टोकनात ती मागाहून उगवत नाही. ग्राफची ॲक्सेस टोकन साधारणपणे ६० ते ९० मिनिटे वैध असतात आणि एमएसएएल ही मायक्रोसॉफ्टची लॉगिन-लायब्ररी ती स्वतःहून कॅश करून (पुन्हा वापरण्यासाठी साठवून) ठेवते. प्रोग्राम पुन्हा सुरू केला की मेमरीतली कॅश जाते, पण कॅश रेडिस किंवा डेटाबेसमध्ये ठेवली असेल तर रीस्टार्टने काही साधत नाही. ती मुद्दाम पुसावी लागते. मॅनेज्ड आयडेंटिटी (सीक्रेटशिवाय क्लाउडनेच सांभाळलेली ॲपची ओळख) वापरणाऱ्यांनी अधिक धीर धरावा, कारण तिथली टोकने पायाभूत सेवेच्या पातळीवर सुमारे २४ तास कॅश होतात आणि ती पुसण्याची सोय आपल्याकडे नसते. मॅनेज्ड आयडेंटिटीला 'एपीआय परमिशन्स' हे पानही नसते. तिला ॲप रोल (म्हणजे ॲप्लिकेशन परवानगी) पॉवरशेलमधून किंवा ग्राफमार्फतच द्यावा लागतो.

आता समजा टोकन ताजे आहे, त्यातल्या 'रोल्स' मध्ये 'मेल.सेंड' स्पष्ट दिसते आहे, आणि तरीही ४०३ येतो. हे दुसरे कारण. इथून पुढे प्रश्न एंट्राचा (ओळख आणि परवानग्या सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेचा) राहत नाही, एक्सचेंजचा (मेलबॉक्स सांभाळणाऱ्या सेवेचा) होतो. ॲप्लिकेशन प्रकारची 'मेल.सेंड' मिळाली की ते ॲप टेनंटमधल्या कोणत्याही मेलबॉक्समधून मेल पाठवू शकते. सीक्रेट फुटले तर संचालकांच्या नावानेही मेल जाऊ शकतात. म्हणून जागरूक ॲडमिन ॲपला ठराविक मेलबॉक्सपुरते बांधून ठेवतात. त्यासाठीचा जुना मार्ग म्हणजे ॲप्लिकेशन ॲक्सेस पॉलिसी, आणि तिने अडवले की त्रुटीच्या मजकुरात 'आरएओपी' ही अक्षरे चौकटी कंसात येतात व पुढे 'ब्लॉक्ड बाय टेनंट कॉन्फिगर्ड ॲपओन्ली ॲक्सेसपॉलिसी सेटिंग्ज' असे लिहिलेले असते. ही ओळ दिसली की टोकनाची चौकशी थांबवावी. ज्या मेल-एनेबल्ड सिक्युरिटी ग्रुपशी पॉलिसी जोडलेली आहे त्यात पाठवणारा मेलबॉक्स आहे का, एवढेच पाहायचे असते. एक्सचेंज पॉवरशेलमधील 'टेस्ट-ॲप्लिकेशनॲक्सेसपॉलिसी' ही कमांड ॲपचा आयडी आणि मेलबॉक्स दिला की 'ग्रँटेड' किंवा 'डिनाइड' असे उत्तर देते. मात्र तिने 'ग्रँटेड' म्हटल्यानंतरही ग्राफवर बदल लागू व्हायला एक तासाहून अधिक वेळ लागू शकतो, आणि त्या मधल्या काळात लोक पुन्हा सगळे बदलायला घेतात, जे करू नये.

नवा मार्ग 'आरबॅक फॉर ॲप्लिकेशन्स' (भूमिकेनुसार ॲपला अधिकार देण्याची पद्धत) हा आहे आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तोच घ्यावा. त्यात एक्सचेंजमध्ये ॲपला 'ॲप्लिकेशन मेल.सेंड' ही भूमिका ठराविक मेलबॉक्सच्या व्याप्तीसह दिली जाते. यात एक मेख आहे. एक्सचेंजने दिलेला अधिकार आणि एंट्रामध्ये संमती मिळालेली परवानगी यांची बेरीज होते, छेद होत नाही. म्हणजे एंट्रातली 'मेल.सेंड' तशीच ठेवून एक्सचेंजमध्ये व्याप्ती आखली तर ॲप सर्वच मेलबॉक्समधून पाठवत राहते आणि ते बांधले गेले आहे असा निव्वळ भ्रम होतो. एंट्रातली संमती काढून टाकली पाहिजे. ती काढल्यावर टोकनातल्या 'रोल्स' मध्ये 'मेल.सेंड' दिसेनाशी होते आणि तरीही मेल जातो. टोकन वाचून निदान करण्याच्या माझ्या आग्रहाला हा एकच मोठा अपवाद आहे. अशा मांडणीत 'टेस्ट-सर्व्हिसप्रिन्सिपलऑथोरायझेशन' ही कमांड वापरावी, आणि बदल केल्यावर अर्धा तास ते दोन तास कॅशसाठी सोडावेत.

तिसरे कारण पाठवणाऱ्याच्या पत्त्याचे. त्रुटीचे नाव 'एररॲक्सेसडिनाइड' नसून 'एररसेंडॲजडिनाइड' असेल तर एपीआयची परवानगी तुमच्याकडे आहेच. अडले आहे ते ज्या मेलबॉक्समधून पाठवता आहात त्याला 'फ्रॉम' मध्ये लिहिलेल्या पत्त्याच्या वतीने पाठवण्याचा हक्क नसल्यामुळे. प्रोग्राम '/युजर्स/' नंतर एक पत्ता देतो आणि मेलच्या जेसनमधील 'फ्रॉम' मध्ये दुसरा, बहुधा 'नो-रिप्लाय' सारखा काही. दोन्ही एकच करावेत, किंवा एक्सचेंज ॲडमिनकडून पहिल्या मेलबॉक्सला दुसऱ्यावर 'सेंड ॲज' हक्क मिळवावा. लॉगिन केलेला माणूस सामायिक मेलबॉक्समधून पाठवत असेल तर दोन वेगळ्या गोष्टी लागतात: ॲपकडे 'मेल.सेंड.शेअर्ड' ही डेलिगेटेड परवानगी आणि त्या माणसाकडे एक्सचेंजमधला 'सेंड ॲज' किंवा 'सेंड ऑन बिहाफ' हक्क. माणसाला जे स्वतः करता येत नाही ते त्याच्या वतीने चालणाऱ्या ॲपलाही करता येत नाही, हा डेलिगेटेड परवानगीचा मूळ नियमच आहे.

चौथे कारण बरेच चकवणारे असते: साधे मेल जातात आणि मोठी अटॅचमेंट असलेलेच ४०३ देतात. ग्राफमध्ये सुमारे ३ एमबीपेक्षा लहान अटॅचमेंट 'सेंडमेल' च्या एकाच रिक्वेस्टमध्ये बसते. त्याहून मोठी, १५० एमबीपर्यंतची फाइल पाठवायची तर आधी मसुदा तयार करून, त्यावर अपलोड सेशन उघडून, तुकड्यातुकड्यांनी चढवावी लागते. मसुदा तयार करणे म्हणजे मेलबॉक्समध्ये लिहिणे, आणि त्याला 'मेल.रीडराइट' लागते. इथे ती परवानगी जोडणे योग्य आहे, कारण तिचे कारण सांगता येते. पण फाइल कुठेतरी ठेवून मेलमध्ये फक्त दुवा देणे शक्य असेल तर मी तोच मार्ग सुचवीन, कारण 'मेल.रीडराइट' मुळे ॲपला आलेले सारे मेल वाचताही येतात, आणि अहवाल पाठवणाऱ्या प्रोग्रामला त्याची गरज नसते.

'मेलबॉक्सनॉटएनेबल्डफॉररेस्टएपीआय' असे नाव आले तर ते परवानगीचे दुखणे नाही. तो मेलबॉक्स क्लाउडमध्ये नाही, किंवा त्या खात्याला एक्सचेंजचा परवाना नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि वैयक्तिक मायक्रोसॉफ्ट खात्यातून, म्हणजे आउटलुक.कॉम सारख्या पत्त्यावरून, ॲप्लिकेशन परवानगीने मेल पाठवताच येत नाही. तिथे एकदा लॉगिन करून रिफ्रेश टोकन (नवे ॲक्सेस टोकन मिळवून देणारे टोकन) जपून ठेवणे हाच उपाय उरतो.

हे वेगवेगळे प्रकार ओळखायचे तर त्रुटीची पूर्ण बॉडी हाती असायला हवी, आणि इथे अनेक प्रोग्राम स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात. लायब्ररी अपवाद फेकते, कोड तो पकडतो आणि लॉगमध्ये फक्त '४०३ फॉरबिडन' लिहून मोकळा होतो. जेसनमधील त्रुटीचे नाव, संदेश, आणि आतल्या भागातील 'रिक्वेस्ट-आयडी' व वेळ हे सर्व लॉगमध्ये उतरले पाहिजे; टोकन आणि सीक्रेट मात्र कधीही नाही. टोकन देतानाच्या पायरीवर शंका असेल तर एंट्राच्या साइन-इन लॉगमध्ये सर्व्हिस प्रिन्सिपलसाठी (टेनंटमधल्या ॲपच्या ओळखीसाठी) स्वतंत्र टॅब असतो, तिथे पाहावे. माणसांच्या लॉगिनच्या यादीत ॲपचा माग सापडणार नाही.

ज्यांना हीच अडचण जीमेल एपीआयमध्ये येते त्यांच्यासाठी तर्क तोच आहे, जागा वेगळ्या आहेत. गुगलचे ॲक्सेस टोकन डीकोड करता येत नाही. त्याऐवजी गुगलच्या 'टोकनइन्फो' एंडपॉइंटला ते दिले की त्यात कोणते स्कोप आहेत ते कळते. 'रिक्वेस्ट हॅड इनसफिशियंट ऑथेंटिकेशन स्कोप्स' हा संदेश आला की कोडमध्ये स्कोप वाढवणे पुरत नाही, कारण जुने रिफ्रेश टोकन जुन्याच स्कोपचे राहते. साठवलेली टोकन फाइल पुसून वापरकर्त्याची संमती नव्याने घ्यावी लागते. संमतीच्या पडद्यावर एकापेक्षा जास्त परवानग्या मागितल्या असतील तर वापरकर्ता त्यांतली एखादी खूण न करताही पुढे जाऊ शकतो, म्हणून संमतीनंतर प्रत्यक्ष कोणते स्कोप मिळाले ते कोडने तपासावे.

पाठवण्यापुरता 'जीमेल.सेंड' हा सर्वांत अरुंद स्कोप आहे आणि तोच वापरावा. गुगलच्या वर्गवारीत तो संवेदनशील गटात येतो, तर 'जीमेल.कंपोज' व 'जीमेल.मॉडिफाय' प्रतिबंधित गटात, ज्यांची पडताळणी अधिक कडक असते. पण 'जीमेल.सेंड' खरोखरच अरुंद आहे. त्यावर मसुदा तयार होत नाही, आणि खात्याचा पत्ता जाणून घेण्यासाठीची 'गेटप्रोफाइल' ही रिक्वेस्टही चालत नाही. पुष्कळ तयार कोड मेल पाठवण्याआधी हीच रिक्वेस्ट करतात आणि तिथेच ४०३ खातात. दोष मात्र पाठवण्याच्या ओळीवर येतो. त्रुटी नेमक्या कोणत्या रिक्वेस्टवर आली हे पाहिल्याशिवाय स्कोप वाढवू नये.

गुगलच्या सर्व्हिस अकाउंटला (माणसाऐवजी प्रोग्रामसाठी असलेल्या खात्याला) स्वतःचा जीमेल मेलबॉक्स नसतो, त्यामुळे त्याच्याच नावे पाठवू पाहिले तर ४०० कोडसह 'प्रीकंडिशन चेक फेल्ड' एवढेच मोघम उत्तर मिळते. वर्कस्पेसच्या (गुगलच्या संस्थांसाठीच्या सेवेच्या) ॲडमिन कन्सोलमध्ये डोमेन-वाइड डेलिगेशन (डोमेनमधल्या वापरकर्त्यांच्या वतीने काम करण्याचा अधिकार) द्यावे लागते. तिथे सर्व्हिस अकाउंटचा ई-मेल न लिहिता त्याचा अंकी क्लायंट आयडी लिहायचा असतो, आणि कोडमध्ये ज्याच्या वतीने पाठवायचे त्या वापरकर्त्याचा पत्ता 'सब्जेक्ट' म्हणून द्यायचा असतो. कोडने मागितलेल्या स्कोपपैकी एक जरी कन्सोलच्या यादीत नसला तर संपूर्ण टोकनच 'अनऑथोराइज्ड क्लायंट' म्हणून नाकारले जाते, आणि नवा बदल सर्वत्र लागू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. 'डिलिगेशन डिनाइड' आला तर टोकन एका वापरकर्त्याचे आणि पत्त्यातला 'युजरआयडी' दुसऱ्याचा, असे झालेले असते. तिथे 'मी' लिहिले की प्रश्न मिटतो. दर आठवड्याला मेल बंद पडत असतील तर ॲपची प्रकाशन-स्थिती 'टेस्टिंग' आहे का ते पाहावे, कारण त्या स्थितीत बाह्य वापरकर्त्यांची रिफ्रेश टोकने ७ दिवसांत संपतात.

जीमेलमधला आणखी एक फरक पुन्हा प्रयत्न करण्याच्या धोरणावर परिणाम करतो. तिथे मर्यादेपेक्षा जास्त वेगाने रिक्वेस्ट केल्यासही ४०३ येऊ शकतो, फक्त कारणाच्या जागी 'रेटलिमिटएक्सीडेड' किंवा 'युजररेटलिमिटएक्सीडेड' लिहिलेले असते. तो थांबून पुन्हा पाठवण्याजोगा आहे. परवानगीचा ४०३ हजार वेळा पाठवला तरी हजार वेळा नाकारला जाईल. म्हणून निर्णय कोडच्या आकड्यावर सोडू नये, कारणाच्या शब्दावर घ्यावा.

ॲमेझॉनच्या एसईएस या ई-मेल सेवेत त्रुटीचा मजकूर सर्वांत बोलका असतो आणि तो शांतपणे वाचला तर निम्मे काम होते. 'नॉट ऑथोराइज्ड टू परफॉर्म' या शब्दांच्या आधी कोण, नंतर कोणती कृती आणि शेवटी कोणत्या संसाधनावर, हे तिन्ही दिलेले असतात. संसाधनाच्या जागी पाठवणाऱ्याचे डोमेन दिसण्याऐवजी 'कॉन्फिगरेशन-सेट' दिसत असेल, तर त्या डोमेनला मूलभूत म्हणून एखादा कॉन्फिगरेशन सेट जोडलेला आहे आणि आयएएम (ॲमेझॉनची परवानग्यांची यंत्रणा) पॉलिसीत त्या संसाधनाचा उल्लेख करायचा राहून गेलेला आहे. 'एक्स्प्लिसिट डिनाय' हे शब्द असतील तर आपल्या पॉलिसीत कितीही 'अलाव' लिहिले तरी उपयोग नाही. नकार कुठून आला ते शोधावे लागते; तो संस्थेच्या पातळीवरूनही आलेला असू शकतो. आणि 'ई-मेल ॲड्रेस इज नॉट व्हेरिफाइड' हा आयएएमचा विषयच नाही. एसईएसमधली पडताळणी प्रत्येक रीजनसाठी वेगळी असते, म्हणून एका रीजनमध्ये पडताळलेले डोमेन दुसऱ्यात अनोळखी ठरते. संदेशातच रीजनचे नाव छापलेले असते, ते आधी पाहावे. खाते अजून सँडबॉक्समध्ये (नव्या खात्याच्या मर्यादित अवस्थेत) असेल तर घेणाऱ्याचा पत्ताही पडताळलेला लागतो आणि २४ तासांत २०० मेलची मर्यादा असते.

सेंडग्रिड या ई-मेल सेवेत एपीआय की तयार करताना 'रिस्ट्रिक्टेड' निवडले असेल तर तिच्यात 'मेल सेंड' चा अधिकार स्वतंत्रपणे चालू करावा लागतो. अधिकार असूनही ४०३ आला आणि मजकुरात 'व्हेरिफाइड सेंडर आयडेंटिटी' हे शब्द असले, तर की सोडून 'फ्रॉम' पत्त्याकडे वळावे. तो किंवा त्याचे डोमेन तिथे पडताळलेले नाही. की पुन्हा पुन्हा नवी करण्याने ही त्रुटी जात नाही.

मूळ प्रश्नकर्त्याने आता टोकन डीकोड करून 'रोल्स' पाहावे. ती नोंद नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे ॲप्लिकेशन परवानगी, योग्य ॲडमिनची संमती आणि ताजे टोकन या क्रमाने जावे. मेल जाऊ लागल्यावर त्याच दिवशी दोन कामे उरकावीत: आता निरुपयोगी झालेली डेलिगेटेड 'मेल.सेंड' नोंदणीतून काढावी आणि ॲपची व्याप्ती अहवालाच्या एकाच मेलबॉक्सपुरती आखून घ्यावी. 'रोल्स' मध्ये 'मेल.सेंड' असूनही नकार येत असेल तर त्रुटीचे पूर्ण नाव, 'रिक्वेस्ट-आयडी', वेळ आणि मेलबॉक्सचा पत्ता एवढे घेऊन एक्सचेंज सांभाळणाऱ्या ॲडमिनकडे जावे. टोकन किंवा सीक्रेट त्यांनाही पाठवू नये, कारण निदानासाठी त्यांना त्याची आवश्यकता नसते.